तेरेझीनची मुलं आणि दोन सुटकेस

प्रागच्या होलेशोविचे स्थानकावरून तेरेझीनची बस मिळते. ६० किलोमीटर, साधारण तासाभराचा रस्ता. अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या तटबंदीच्या गावात नाझींनी ज्यूंना कोंडलं. गावात आजही वस्ती आहे, तरी दुपारी रस्त्यांवर फारसं कुणी दिसलं नाही.

मी चित्रकलेची शिक्षिका. वर्षानुवर्षं मुलांना एलिमेंट्री-इंटरमिजिएटला बसवत आले, आता कला-उपचार, म्हणजे चित्रकलेच्या मदतीने मनावर उपचार, शिकते आहे. या अभ्यासात एक नाव सारखं समोर यायचं: फ्रीडल डिकर-ब्रांडाइस. तिच्यासाठीच मी इथे आले.

१८९८ साली व्हिएन्नात जन्मलेली फ्रीडल बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत योहानेस इटेन या चित्रकार-शिक्षकाकडे शिकली. १९४२च्या डिसेंबरात तिला तेरेझीनला पाठवलं. सोबत न्यायला माणशी ५० किलो सामानाची मुभा होती आणि तिने चित्रांचं साहित्य भरून घेतलं. छावणीत तिने मुलांचे वर्ग सुरू केले. इटेनची शिकवण तिने तिथे नेली: आधी लय, हात मोकळा करणं, मग चित्र. मुलांना ती चित्रावर आपलं नाव घालायला सांगे. जिथे माणसाला छावणीत पाठवायच्या वाहतूक-यादीतला क्रमांक दिला जायचा, तिथे सही करायला लावणं ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

१९४४च्या ऑक्टोबरात तिला आउश्वित्झला नेऊन मारलं. जाण्याआधी मुलांची सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसमध्ये लपवली गेली होती. युद्धानंतर ही चित्रं प्रागला पोहोचली. तिच्याकडे शिकलेली बहुतेक मुलं मात्र वाचली नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रागमध्ये पिंकास सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या जुन्या प्रार्थनास्थळी, गेले. भिंतींवर नाझींच्या काळात मारल्या गेलेल्या चेक ज्यूंची सुमारे ८०,००० नावं हाताने लिहिलेली आहेत. ती वाचत वाचत वर जायचं, तिथे मुलांची चित्रं. कागद मिळेल तो वापरलेला. एका कोलाजमध्ये कचेरीतल्या छापील फॉर्मचे रकाने तसेच दिसत होते, त्यांवर कापून चिकटवलेले तुकडे आणि खाली मुलाची सही. त्या काचेसमोरून माझा पाय निघेना.

फ्रीडलची तेरेझीनच्या आधीची एक विद्यार्थिनी मात्र बचावली. एडिथ क्रेमर १९३८मध्ये न्यूयॉर्कला गेली. त्याआधी प्रागमध्ये निर्वासितांच्या मुलांना शिकवताना ती फ्रीडलच्या हाताखाली होती. पुढे अमेरिकेत कला-उपचाराचा पाया घालणाऱ्यांत तिचं नाव आलं. उपचारकाच्या ‘तिसऱ्या हाता’विषयी तिने लिहिलं आहे: मुलाच्या निर्मितीला आधार देणारा, पण स्वतःची शैली किंवा अर्थ तिच्यावर न लादणारा हात. आपल्याकडे मुलाची रेघ सुधारून देणं म्हणजेच शिकवणं, असं अजून मानलं जातं. मला ते पटत नाही, आणि हा वारसा पाहिल्यावर तर मुळीच पटणार नाही.

जाणार असाल तर आधी तेरेझीन करा आणि मग पिंकास, म्हणजे चित्रं कुठे काढली गेली ते डोळ्यांसमोर राहतं. शनिवार टाळा, सिनेगॉग बंद असतं. आणि वरच्या मजल्यासाठी भरपूर वेळ हाताशी ठेवा.