तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्यावाचून कुणाचं अडतं?

‘आमची चाळीस जणांची टीम आहे. पुढच्या महिन्यात एक दिवस समाजासाठी काहीतरी करायचंय. काय करू?’ कंपनीतल्या कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेचं काम मी अकरा वर्षं बघते आहे आणि हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. पूर्वी मी लगेच उत्तर द्यायचे: झाडं लावा, भिंत रंगवा, रक्तदान शिबिर घ्या. आता मी आधी उलट विचारते. त्या दिवशी तुम्ही गेला नाहीत, तर कुणाचं काय अडेल?

ऐकणाऱ्याला हे लागतं, मला माहीत आहे. पण हा प्रश्न मला एका ग्रंथपालबाईंमुळे सुचला, तेव्हा त्यांचीच गोष्ट आधी सांगते.

एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयात आम्ही साठ जणांना घेऊन गेलो होतो. धूळ झटकली, कपाटं पुसली, फाटकी पुस्तकं वेगळी काढली आणि उरलेली सगळी उंचीनुसार, एका रेषेत, सुंदर लावून टाकली. संध्याकाळी ती कपाटं बघून आम्हा सगळ्यांना धन्य वाटलं. पुस्तकांच्या पाठीवर चिकटवलेले आकडे आम्हाला दिसले होते. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली मांडलेल्या दशांश पद्धतीचे ते वर्गांक होते, म्हणजे एकेका पुस्तकाचा पत्ता. आमच्यापैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं आणि आम्ही कुणाला विचारलंही नाही. पुढे फोटो द्यायला गेले, तर बाई शिडीवर उभ्या राहून पुस्तकं परत जागेवर लावत होत्या. तीन आठवडे तेच चाललं होतं. मी म्हटलं, ‘तुम्ही त्या दिवशी आम्हाला सांगायचंत ना!’ त्या म्हणाल्या, ‘तुमची माणसं इतकी मनापासून करत होती, की मला थांबववेना.’

ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. मदत घेणाऱ्याला ‘नको’ म्हणणं फार जड जातं. समोर कंपनी असते, पुढे कधी देणगी मिळेल अशी आशा असते, आणि आलेल्या माणसांचा उत्साह खरा असतो. त्यामुळे विचारायची जबाबदारी जाणाऱ्याची. मी त्यांना तिथेच विचारलं, तुमचं खरं काय अडलंय? त्यांनी दाखल नोंदवह्यांचा, म्हणजे ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक ज्यांत नोंदवतात त्या वह्यांचा, गठ्ठा दाखवला. हाताने लिहिलेल्या हजारो नोंदी संगणकावर चढवायच्या होत्या. त्यासाठी साठ माणसं नको होती. दोन हवी होती, पण वर्षभर.

रक्तदानाचंही असंच आहे. कंपनीच्या वर्धापनदिनी मोठं शिबिर होतं, रांगा लागतात, आणि ते चांगलंच आहे, कारण रक्त कारखान्यात तयार करता येत नाही. पण तांबड्या पेशी थंड जागी जास्तीत जास्त बेचाळीस दिवस टिकतात आणि प्लेटलेट पाच-सात दिवस. एकदा रक्त दिलं, की त्याच माणसाला पुन्हा देण्यासाठी दोन ते चार महिने थांबावं लागतं. देशोदेशी नियम वेगळे आहेत. म्हणजे तीनशे जणांनी एकाच दिवशी रक्त दिलं, तर त्या आठवड्यात पेढी भरते आणि दोन महिन्यांनी, जेव्हा गरज असेल, तेव्हा हे तीनशेही जण नुकतेच देऊन बसलेले असतात. आम्ही रक्तपेढीलाच विचारलं, तर त्यांनी वेळापत्रकच पुढे केलं: दर महिन्याला पंचवीस जण, आणि शिवाय कमी आढळणाऱ्या रक्तगटांची वेगळी यादी, ज्यांनी फोन आला की यायचं. आता वर्धापनदिनाला शिबिर नसतं, त्यामुळे मंचावर बॅनर लागत नाही. काहींना ते रुखरुखतं. मला नाही.

अडणारं काम शोधायला लागलं, की ते बहुतेक वेळा लहान, ठरलेल्या वेळेचं आणि न दिसणारं निघतं. अंध विद्यार्थ्याच्या परीक्षेला लेखनिक लागतो. परीक्षा सकाळी दहाला आहे म्हणजे आहे. लेखनिक आला नाही, तर त्या मुलाचं वर्ष जाऊ शकतं. यासाठी फार हुशारी लागत नाही, पण शिस्त लागते. त्याने सांगितलेलं जसंच्या तसं लिहायचं, आपल्याला बरोबर उत्तर माहीत असलं तरी हात आवरायचा, आकृती असेल तर ती शब्दांत नीट वर्णन करून सांगायची, प्रश्न पुन्हा वाचायला सांगितला तर कंटाळायचं नाही. आमच्या हिशेब विभागातले एक गृहस्थ चार वर्षं हे करतात. परीक्षेच्या काळात ते त्या वेळेला मीटिंग ठेवू देत नाहीत, आणि त्यांच्या साहेबांनाही आता ते पाठ झालं आहे.

ज्यांना ऑफिस सोडता येत नाही, त्यांच्यासाठी नकाशांचं काम मला फार मोलाचं वाटतं. २०१० साली हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून रस्ते आणि घरं आखून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येईल अशा इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर, त्या भागाचा नकाशा उभा केला आणि मदत पथकांनी तो वापरला. २०१४ साली मिसिंग मॅप्स हा उपक्रम सुरू झाला, तो संकट येण्याआधीच असे नकाशे तयार असावेत म्हणून. दुपारच्या दोन तासांत वीस जण बसून शेकडो घरं आखू शकतात. पण इथेही नवखा माणूस झाडाची सावली घर म्हणून आखतो, एका छपराची दोन घरं करतो. ते तपासणारी अनुभवी माणसं कमी असतात. म्हणून मी पुन्हापुन्हा सांगते, वीस नवे आणण्यापेक्षा तेच पाच जण दहा वेळा बसले, तर त्यांतले दोघे-तिघे तपासनीस होतात. मग त्यांच्यामुळे बाकीच्यांचं काम कामी येतं.

कंपन्यांना हे कळत नाही, असं नाही. झेरॉक्सने १९७१ सालीच कर्मचाऱ्यांना सामाजिक कामासाठी पगारी रजा द्यायला सुरुवात केली, आणि ती वर्षभरापर्यंत मिळू शकत असे. त्याआधी १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने कर्मचाऱ्यांनी आपल्या जुन्या कॉलेजला दिलेल्या देणगीत तेवढीच भर घालायची पद्धत सुरू केली. आयबीएमने २००८ पासून दुसऱ्या देशांत चार-चार आठवड्यांसाठी गट पाठवले, ते त्यांना येत असलेलं काम करायला. यात माझ्या मते एक शहाणपण आहे: कुठे जायचं हे माणसाने ठरवायचं, आणि कंपनीने त्याच्यामागे वेळ किंवा पैसा उभा करायचा. बऱ्याच ठिकाणी आज उलट होतं. कंपनी दिवस ठरवते, जागा ठरवते, टी-शर्ट ठरवते, आणि साहेब हजेरीच्या यादीकडे बघतात. हजेरी घेतली, की ती स्वेच्छा राहत नाही. मी यावर वरिष्ठांशी भांडले आहे आणि पुढेही भांडेन.

आणखी एक भांडण माझं अजून पूर्ण जिंकून झालेलं नाही. समाजाच्या कामासाठी कंपनी वर्षातले जे पगारी तास देते, ते टेबलावर काम करणाऱ्यांनाच मिळतात. सफाई करणारे, पहारा देणारे, पाळीत येणारे, कंत्राटावरचे, यांना कोण सोडतं? आम्ही एकदा कंपनीभर एवढंच विचारलं, की तुम्ही आधीपासून कुणासाठी काय करता? सगळ्यात भरीव उत्तरं याच लोकांकडून आली. रात्रपाळीचा एक पहारेकरी पहाटे घरी जाताना शेजारच्या आजोबांना डायलिसिसला सोडायचा, आठवड्यातून तीनदा. त्याने त्याला स्वयंसेवा म्हटलंच नव्हतं. आम्ही त्याची पाळी अर्धा तास आधी संपवली. कंपनीने त्या वर्षी केलेल्या कामांत मला हे सर्वांत वर वाटतं, आणि ते अहवालात बसवताना मला फार त्रास झाला.

‘यातून कर्मचाऱ्यांना काय मिळतं?’ असंही लोक विचारतात. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी दाखवते. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती त्यात आहे. ताण कमी करण्याचे वर्ग, ध्यानाची ॲप, असे उपक्रम घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा बरे आढळले नाहीत. सेवाकार्याची संधी घेणारे मात्र थोडे बरे आढळले. मुळात बरे असणारेच तिकडे वळत असतील, हेही शक्य आहे, म्हणून मी यावरून मोठे दावे करत नाही. मला दिसतं ते एवढंच: ज्याची कुठेतरी वाट पाहिली जाते, तो माणूस त्या दिवशी घड्याळाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

तेव्हा तुमच्या चाळीस जणांबद्दल. एक दिवस ठरवू नका, आधी एक माणूस पाठवा. त्याने संस्थेत जाऊन तासभर बसावं, चहापाणी न घेता, आणि कोणतं काम सारखं मागे पडतं ते बघावं. मग टीमला विचारा, महिन्यातून दोनदा, सहा महिने, कोण येईल? चाळीसांतले चार हात वर आले, तरी पुरे. बाकीच्या छत्तिसांना अपराधी वाटू देऊ नका. त्यांच्या घरी कदाचित आधीच कुणाचं तरी त्यांच्यावाचून अडत असेल. ती चार नावं मला कळवा. ग्रंथपालबाईंकडच्या नोंदवह्यांपैकी अजून दोन राहिल्या आहेत, आणि त्यांतलं अक्षर वाचायला कठीण आहे.