डबा परत गेला

तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री डबा उघडला, तर वांग्याच्या भाजीवर तेल थिजलेलं आणि पोळ्या कडेने कडक झालेल्या. एक घास घेतला, तो तोंडातच फिरत राहिला. झाकण लावलं नि डबा खिडकीत ठेवून दिला. सकाळी परत द्यायला गेले, तर मेसच्या काकूंनी तो न उघडता नुसता हातात जोखला. म्हणाल्या, "आज तोंडी का गं?"

सदाशिव पेठेत इतकी वर्षं पोरांना डबे देतायत, त्यांना टाइमटेबल वेगळं सांगावं लागत नाही. तोंडी आणि निकालाच्या दिवशी डबे भरलेले परत येतात. पीएल, म्हणजे लेखी परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की उलटं. "तेव्हा मी कणीक जास्तच भिजवते," म्हणाल्या. "आणि शिरा केला तर पातेलं घासावंच लागत नाही."

हसले, पण माझं त्याहून वेगळं नाही. दिवाळीनंतर गावाहून येताना आईने महिनाभर पुरतील म्हणून शंकरपाळे दिले होते. पीएलच्या चार रात्रींत संपले. भूक नव्हतीच. गणित अडलं की हात डब्यात. फूरिये सिरीजच्या पानावर अजून तुपाचा डाग आहे. (ते पान नेमकं परीक्षेत आलं नाही.) आई रोज फोनवर विचारते, "जेवलीस का?" मी "हो" म्हणते. शंकरपाळे जेवणातच धरलेत मी.

शरीराचा खेळ साधा आहे. ऐन घाबरलं की ॲड्रेनालिन हे हार्मोन पोटाचं काम मागे टाकतं, म्हणून घास उतरत नाही. ताण आठवडेच्या आठवडे चालला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढं राहतं, आणि मग जीव गोड-तेलकट मागतो. त्यात जागरण, म्हणजे भूक वाढवणारं घ्रेलिनही वर. आणि चहा! रात्री 11 ला शास्त्री रोडवर प्यायलेल्या चहातलं निम्मं कॅफिन पहाटे 4 लाही अंगात असतं. मग झोप कुठली, आणि झोप नाही तर परत फरसाणाची पुडी.

पहिल्या पेपरला काकूंनी न विचारताच भाजी-पोळीऐवजी मऊ मुगाची खिचडी दिली, वर लिंबाची फोड. संध्याकाळी डबा जोखून म्हणाल्या, "अर्धी." आणि घासायच्या ढिगात टाकला.