बर्फात शून्य दाखवणारा थर्मामीटर

भाचीने तंगडीचा दुसरा घास घेतला आणि ती थांबली. "मामा, हे आतून असंच असतं का?" तिने पुढे केलेल्या तुकड्यात सांध्याच्या हाडापाशी मांस काचेसारखं, ओलं आणि लिबलिबीत दिसत होतं. वरून तीच तंगडी खमंग भाजलेली, जाळीचे काळे पट्टे उमटलेली. मी सगळ्यांच्या ताटांतल्या तंगड्या परत घेतल्या आणि पुन्हा कोळशांवर चढवल्या. कुणाला काही त्रास झाला नाही. पण कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे आजारी पाडणारे जंतू असू शकतात हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी ते नऊ वर्षांच्या मुलीच्या ताटात वाढलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर काही महिने मी सगळंच जास्त भाजलं. दर तुकड्याला सुरीने चीर द्यायची, आत डोकवायचं, शंका आली की आणखी पाच मिनिटं. चिरेतून रस निखाऱ्यांवर गळायचा, चर्र आवाज व्हायचा आणि ताटात यायचं ते कोरडंठाक. पूर्वी रस पारदर्शक आला की चिकन झालं असं मी धरून चालायचो. मग नीट वाचायला घेतलं तेव्हा कळलं की रंगावर भरवसाच ठेवता येत नाही. मांसाचा लाल-गुलाबी रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. तो किती अंशाला जाईल हे प्राण्याच्या वयावर, मांसाच्या आम्लतेवर आणि इतर बऱ्याच गोष्टींवर ठरतं. कोवळ्या कोंबडीच्या हाडातल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो, म्हणून पूर्ण शिजलेलं मांसही हाडापाशी लालसर दिसू शकतं. खिम्याचं याच्या उलट. तो सुरक्षित तापमानाला पोहोचायच्या आधीच तपकिरी होऊ शकतो. म्हणजे एकीकडे शिजलेलं मी कच्चं समजत होतो आणि दुसरीकडे कच्चं शिजलेलं समजण्याचा धोका होता. उरला एकच मार्ग, आतलं तापमान मोजायचं.

आकडे मी तेव्हाच पाठ केले. अमेरिकेच्या कृषी विभागाचे आहेत आणि जगभर वापरले जातात. कोंबडी, मग कुठलाही भाग असो, ७४ अंश सेल्सिअस. कोंबडीचा सोडून बाकी खिमा ७१. अखंड तुकडे, म्हणजे स्टेक, चॉप वगैरे, ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा. मासा ६३. खिम्याचा आकडा जास्त का, हे समजल्यावर तो कधी विसरलो नाही. अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तो भाग आधीच तापतो. दळताना तोच पृष्ठभाग आतवर मिसळतो.

घरात एक जुना तबकडीचा थर्मामीटर पडलेला होता. पैसे खर्च करण्याआधी तो वापरून पाहिला. त्यात दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी गुंडाळलेली असते. उष्णतेने दोन्ही धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, गुंडाळी पिळली जाते आणि काटा फिरतो. साधी आणि टिकाऊ रचना आहे, बॅटरी लागत नाही. पण त्याच्या काडीवर टोकापासून पाच-सहा सेंटिमीटरवर एक बारीक खाच असते, तिच्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. टोकापासून त्या खाचेपर्यंतचा सगळा भाग तापमान घेतो आणि काटा त्याची सरासरी दाखवतो. माझी तंगडी जेमतेम चार सेंटिमीटर जाड. अर्धी काडी मांसात, अर्धी कोळशांच्या गरम हवेत, मग काटा खरं काय सांगणार? शिवाय स्थिर व्हायला त्याला पंधरा-वीस सेकंद लागत. तेवढा वेळ झाकण उघडं ठेवून धगीवर हात धरायचा, आणि असे आठ तुकडे. मोठ्या अखंड तुकड्यासाठी तो चालेल, जाळीवरच्या तंगडीसाठी नाही.

एका मित्राने सुचवलं, "लांबून नेम धरायचा लेझरवाला घे ना, हातही भाजणार नाही." तो इन्फ्रारेड प्रकार फक्त पृष्ठभागाचं तापमान सांगतो. जाळी किती तापली हे बघायला उत्तम, तंगडीच्या आत काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध नाही.

मग डिजिटलकडे वळलो. खरी निवड आहे ती टोकात काय बसवलंय याची, हे समजायला मला दोन आठवडे लागले, कारण जाहिरातींमध्ये बाकी सगळं असतं, हेच नसतं. एका प्रकारात टोकाशी थर्मिस्टर असतो. हा सिरॅमिकचा मणी, तापमान बदललं की त्याचा विद्युतरोध बदलतो. दुसऱ्यात थर्मोकपल असतो. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडलेल्या असतात आणि तो सांधा तापला की बारीकसा विद्युतदाब तयार होतो. हा परिणाम थॉमस सीबेकने १८२१ मध्ये पाहिला होता. स्वयंपाकात वापरतात त्या के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये हा दाब अंशामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट इतकाच असतो, म्हणजे तो अचूक मोजणारं सर्किटही चांगलं लागतं, म्हणून ते महाग पडतं. पण सांधा इतका लहान असतो की दोन-तीन सेकंदांत आकडा मिळतो. स्वस्तातल्या बहुतेकांत थर्मिस्टरच असतो, आणि माझं मत असं झालंय की घरच्या ग्रिलला तो पुरेसा आहे. अट एकच, काडीचं टोक निमुळतं हवं. जाड टोक तापायला वेळ लागतो, कारण मांसाला आधी तो सगळा धातू तापवावा लागतो. शिवाय ते मोठं भोक पाडतं.

वेगाचे दावे वाचताना मी एकदा फसलो, म्हणून हे सविस्तर लिहितो. "तीन सेकंद" असं लिहिलेलं असतं, पण कशाला तीन सेकंद? कुठलाही थर्मामीटर सुरुवातीला भराभर चढतो आणि खऱ्या आकड्याजवळ आल्यावर रेंगाळतो. तंत्रज्ञ ज्याला कालस्थिरांक म्हणतात, तो एकूण फरकाच्या ६३ टक्के अंतर कापायला लागणारा वेळ. शेवटच्या अर्ध्या अंशापर्यंत यायला त्याच्या चार-पाच पट वेळ जातो. म्हणून एखादं यंत्र तीन सेकंदांचं म्हणून विकलं जातं आणि आकडा मात्र दहाव्या सेकंदालाही सरकत असतो.

मी घेतलेला पहिला डिजिटल थर्मामीटर नेमका असाच होता. मागे चुंबक, अंगावर बाटली उघडायची खाच, मांसांची नावं आणि तापमानं छापलेला तक्ता. आकडा दशांश अपूर्णांकापर्यंत यायचा. ७३.६ असं दिसलं की किती अचूक वाटतं! पण दशांश दाखवणं वेगळं आणि बरोबर दाखवणं वेगळं. ते तपासायची सोय घरात असते, तिला बर्फाचं पाणी म्हणतात.

ही चाचणी मी तीनदा चुकवली आणि चौथ्यांदा नीट केली. एका उंच पेल्यात बर्फाचा चुरा काठोकाठ भरायचा. खडे नको, चुराच, कारण खड्यांच्या मधल्या पोकळीतलं पाणी शून्याच्या वर राहतं. मग बर्फ जेमतेम बुडेल इतकंच गार पाणी घालायचं. बर्फ वर तरंगून खाली नुसतं पाणी उरलं तर पाणी जास्त झालं, थोडं काढायचं. ढवळून दोन-तीन मिनिटं थांबायचं. काडी मध्यभागी धरायची, तळाला आणि काचेला टेकू द्यायची नाही, आणि हलकेच फिरवत राहायचं. वितळता बर्फ आणि पाणी एकत्र असतील तोवर ते शून्यावरच राहतं, बाहेर ऊन असो की थंडी. माझ्या नव्या थर्मामीटरने २.८ दाखवलं. पुन्हा केलं, २.७. उकळत्या पाण्यातही तो तेवढाच वर होता. उकळीची चाचणी करताना मात्र उंची लक्षात घ्यावी लागते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशाला उकळतं आणि दर तीनशे मीटर चढलं की उकळबिंदू साधारण एक अंश खाली येतो. बर्फाला ही अडचण नाही, म्हणून मी त्यालाच प्रमाण मानतो.

जवळजवळ तीन अंश जास्त दाखवणारा थर्मामीटर ही गंभीर गोष्ट आहे. तो ७४ म्हणेल तेव्हा चिकन ७१ वर असेल, म्हणजे मी विश्वासाने कच्चं वाढेन. त्याला शून्य जुळवून घ्यायचं बटण नव्हतं. मी तो परत केला.

दुसरा निवडताना यादी फार छोटी ठेवली. अचूकता अधिक-उणे एक अंशाच्या आत असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. शून्य जुळवायची सोय हवी. टोक निमुळतं, दोन मिलिमीटरच्या आसपास. काडी निदान अकरा सेंटिमीटर, म्हणजे मुठीला धग लागत नाही. पाण्याबाबतीत आयपी ६७ असं लिहिलेलं असेल तर ते एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी जात नाही, म्हणजे नळाखाली निर्धास्त धुता येतं. कच्च्या मांसात जाणारी वस्तू धुता येत नसेल तर ती घेऊच नये असं मी म्हणेन. मागचा दिवा मी आधी चैन समजत होतो, पण संध्याकाळी कोळशांवर वाकल्यावर अंधारात आकडा दिसेना तेव्हा त्याची किंमत कळली. पडदा आपोआप उलटा-सुलटा होणं ही मात्र चैनच, डावखुऱ्यांना उपयोगी पडेल. ब्लूटूथ आणि ॲप यांची दोन सेकंदांच्या मोजणीला काय गरज, मला तरी समजलं नाही.

जो मिळाला तो दिसायला अगदी साधा, चाकूसारखा मिटणारा. काडी उघडली की चालू होतो. बर्फात ०.३. घड्याळ लावून वेग पाहिला. खोलीच्या तापमानातून गरम पाण्यात घातल्यावर साडेचार सेकंदांत आकडा स्थिरावला. जाहिरातीत तीन म्हटलं होतं, पण साडेचार मला चालतात. बॅटरी बटणासारखी चपटी, सीआर २०३२. तिचा एक जादा नग मी खोक्यात ठेवून दिला.

पुढच्या खेपेला भाची शेजारी उभी होती. तंगडीत काडी वरून न घालता बाजूने घातली, मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता. हाड मांसापेक्षा वेगळ्या गतीने तापतं, त्यामुळे टोक त्याला लागलं की आकडा मांसाचा राहत नाही. मग काडी मध्याच्या थोडी पलीकडे नेऊन हळूहळू मागे ओढली. आकडे घसरत गेले, ७९, ७५, ७१, ६८, आणि पुन्हा चढायला लागले. तो ६८ म्हणजे तुकड्याचा सर्वांत गार बिंदू, तोच आपला आकडा. बाहेरून तंगडी गेल्या वेळेपेक्षाही जास्त भाजलेली दिसत होती. "अजून सहा!" भाची म्हणाली. मी ती तंगडी कडेला मंद आचेवर सरकवली, काडी साबणाच्या पाण्याने धुऊन पुसली आणि पुढच्या तुकड्यात घातली.

तंगड्या मी आता ७४ वर थांबवत नाही, ८० च्या वर नेतो. सुरक्षिततेसाठी ते लागत नाही, पण मांडीच्या मांसात संयोजी ऊती भरपूर असतात. तिथलं कोलॅजेन हे चिवट प्रथिन विरघळून मऊ व्हायला जास्त उष्णता लागते. छातीचं मांस उलट, ७४ च्या पुढे प्रत्येक अंशागणिक कोरडं होत जातं. जाड छाती मी ७२ ला उतरवतो, कारण बाहेरची उष्णता आत शिरत राहते आणि पाटावर ठेवल्यावरही तापमान काही अंश चढतं. पण ते चढलंच असं गृहीत धरत नाही. काडी तिथे पुन्हा घालतो, ७४ दिसलं की सुरी लावतो, नाही दिसलं तर परत जाळीवर.

एक चूक मात्र झाली. पाहुणे जास्त होते त्या दिवशी मी थर्मामीटर मांसातच सोडून झाकण लावलं. काडी उष्णतेसाठी बनवलेली असते, मूठ नाही. दोन मिनिटांत लक्षात आलं म्हणून प्लास्टिकची एक कड फक्त वाकली. झाकणाखाली ठेवायचे थर्मामीटर वेगळे, त्यांची उष्णता सोसणारी तार बाहेर येते. कड वाकल्यावर पाणी आत जाणार का, ही शंका आली म्हणून मी तो आता बुडवत नाही, काडी तेवढी धुतो आणि मूठ ओल्या फडक्याने पुसतो.

आणि बर्फाची चाचणी दर महिन्याला करतो. खोक्याच्या झाकणावर आतून कागदाची पट्टी चिकटवली आहे, तिच्यावर तारीख आणि आकडा. ०.३, ०.३, ०.४, ०.३. वाकल्यानंतरचा पहिला आकडा लिहिताना हात जरा थांबला होता. तोही ०.४ निघाला.