जिगजिगाच्या गुरांच्या बाजारात

आज सहकाऱ्याबरोबर जिगजिगाचा गुरांचा बाजार पाहिला. इथिओपियाचा सोमाली प्रांत. जिकडे तिकडे उंट, शेळ्या आणि काळ्या डोक्याच्या पांढऱ्या मेंढ्या. दलाल कापडाखाली हात घालून बोटांनीच भाव ठरवत होते. आपल्या बैलबाजारात उपरण्याखाली चालतं ना, अगदी तसंच! मला हसूच फुटलं.

एका म्हाताऱ्या उंटवाल्या बाबांशी गप्पा झाल्या (दुभाषी अर्थात सहकारी). २००७ चा विषय त्यांनीच काढला. त्या एप्रिलमध्ये ओएनएलएफच्या (ओगाडेन नॅशनल लिबरेशन फ्रंट, या सोमाली भागाच्या स्वयंनिर्णयासाठी लढणारी संघटना) बंडखोरांनी अबोलेच्या तेलक्षेत्रावर हल्ला करून ७४ माणसं मारली. वसुली झाली ती गुराख्यांकडून. लष्कराने गावं जाळली, व्यापारी ट्रक अडवले, जनावरं सोमालीलँडच्या बंदराकडे न्यायची वाट बंद केली. जुलैत रेड क्रॉसलाही प्रांताबाहेर काढलं. इथे तांदूळ-साखर घरात येते ती जनावर विकून. मग बाजार बंद म्हणजे चूलच बंद की! उपाशी मारायचाच डाव होता तो, मी तरी दुसरं काही म्हणणार नाही.

२०१८ ला सरकार आणि ओएनएलएफमध्ये करार झाला, बंदुका थांबल्या. पण २०२० च्या अखेरीपासून ओळीने पाच पावसाळे कोरडे गेले (इथे वर्षाला दोन असतात, गू आणि देयर). बाबांची शेरडं-मेंढरं गेली, उंट तेवढे तगले.

निघताना बाबांनी विचारलं, "तुमच्याकडे किती जनावरं?" म्हटलं, एकही नाही, पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. त्यांनी इतक्या कीव आल्यासारखं पाहिलं की बस्स. चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत.