बांगड्याचं काळं

दुपारी बांगड्याचं तिखलं होतं, तिरफळं घातलेलं. तुकडा सोलला आणि कातडीखालची ती मधली काळपट पट्टी बोटाने आपोआप ताटाच्या कडेला सारली. पन्नाशी आली तरी बोटाची खोड जात नाही.

वेंगुर्ल्याला पडवीत जेवायला बसलो की आजी ओरडायची, "मेल्या, ता काळा टाकू नको. सगळो जोर थयच आसता!" मी ते पाटाखालून हळूच मांजराकडे सरकवायचो. मांजर जेवून उठलं की एका उडीत कौलांवर. जोर नक्की कुणाला मिळत होता हे उघडच होतं.

आजीचं फारसं चुकलं नव्हतं. बांगड्याचं पांढरं मांस एकदम झेप घेण्यापुरतं. दिवसरात्र पोहायचं काम त्या काळ्याचं. त्यात मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रथिन, ठासून भरलेलं. रक्तातलं हिमोग्लोबिन एका खेपेला ऑक्सिजनचे चार रेणू वाहून आणतं. मायोग्लोबिन त्यातला एकच धरतं, पण धरलेला सहजी सोडत नाही. म्हणजे आपल्याकडची पावसाळ्याची बेगमीच. माळ्यावरच्या डब्यातलं सुकं आषाढाआधी काढायला गेलात तर आजी हात मोडील.

या बेगमीत स्पर्म व्हेल या देवमाशाचा हात कोण धरणार? तासभर पाण्याखाली राहायचं म्हणून त्याचं मांस जवळजवळ काळंच. जॉन केंड्रू या शास्त्रज्ञाने १९५८ साली त्याच्याच मायोग्लोबिनचा आकार शोधला. कुठल्याही प्रथिनाचा असा आकार प्रथमच दिसला, आणि १९६२ साली त्याला नोबेल मिळालं. आपल्या किनाऱ्यावर या माशाची (मासा नव्हे तो, पण आपण मासाच म्हणणार) ख्याती एवढीच, की त्याची उलटी विकताना अमुक जण पकडले.

हृदयातही हेच मायोग्लोबिन. हृदयविकाराच्या झटक्यात स्नायू मेला की काही तासांत ते रक्तात उतरतं. पूर्वी डॉक्टर ते तपासायचे. पण पायाचा स्नायू चेचला तरी ते वाढतं, म्हणून आता ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं दुसरं प्रथिन बघतात.

बाबा काळं कधी टाकत नसत. उलट माझ्या ताटातलं उचलून खायचे, मांजराच्या आधी हात पोचला तर. त्या पहाटे गाडीत ते मागच्या सीटवर होते, डोकं माझ्या मांडीवर. हृदयातली ही बेगमी पुरते काही सेकंद. सावंतवाडीचा रस्ता पाऊण तासाचा.