नुसतं 'टक्' म्हणणारी गाडी

फायबरच्या बॉडीची गाडी घेतली की अर्थिंगचा, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेचा, अभ्यास करावाच लागतो. पत्र्याच्या गाडीत अख्खी बॉडी निगेटिव्ह असते, कुठेही स्क्रू आवळला की काम झालं. फायबरमधून करंट जात नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, पंपाला परतीची वेगळी वायर, आणि त्या सगळ्या शेवटी चासीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, दोन-चार बोल्टांवर येऊन टेकतात. माझी गाडी असलीच: नव्वदच्या दशकाच्या अखेरची, दोन सीटची, कापडी टपाची. मराठवाड्याच्या उन्हात कापडी टपाची गाडी कशाला, हे घरचे अजून विचारतात.

दुखणं असं होतं. सकाळी गार गाडी कण्हत का होईना, सुरू व्हायची. पण संभाजीनगरहून निघून दौलताबाद मागे टाकलं, घाट चढून खुलताबादला चहाला थांबलं, की परत निघताना किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टक्'. डॅशबोर्डचे दिवे छान जळतायत आणि इंजिन जागचं हलत नाही. तिथल्या पोरांना गाडी ओळखीची झाली होती. "काका, आज बी ढकलायची का?" चार हात लागायचे, सेकंड गिअरमध्ये क्लच सोडला की पहिल्याच झटक्यात सुरू.

ढकलून लगेच सुरू होते, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क ठीक आहेत. गडबड फक्त सेल्फच्या, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणाऱ्या मोटरच्या, वाटेवर आहे. आधीच्या मालकाने याच तक्रारीपायी नवी बॅटरी टाकली होती, सेल्फ उघडून कार्बन आणि बुश बदलून घेतले होते. बिलं त्याने गाडीबरोबरच दिली. तेव्हा पार्ट बदलण्याचा रस्ता आधीच तुडवून झाला होता आणि मला व्होल्ट मोजायचं मीटर काढणं भाग होतं.

मीटरच्या आधी कानाने आणि डोळ्यांनी बरंच कळतं. हेडलाइट लावून किल्ली फिरवायची. दिवे मरगळले आणि टक-टक-टक अशी माळ लागली, तर बहुधा बॅटरी उतरलीय किंवा तिच्या टर्मिनलवर मळ आहे. एकच दणदणीत टक् आणि दिवे पार बसले, तर सेल्फ जाम असू शकतो. एकच टक् आणि दिवे जेमतेम मंद झाले, तर सेल्फपर्यंत हवा तेवढा करंट पोचतच नाहीये. माझं प्रकरण तिसरं.

शहागंजच्या बाजूला एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांना सगळे चाचाच म्हणतात. फोनवर म्हणाले, "गरम करके लाओ, ठंडी गाडी में कुछ नै दिखता." म्हणून बीड बायपासला भर दुपारी चक्कर मारून, बॉनेटला हात लागत नाही अशी गाडी त्यांच्या दारात नेली. इंजिन बंद करायच्या आधी हँडब्रेक, न्यूट्रल. बंद केल्यावर स्पार्क देणाऱ्या कॉइलचं कनेक्टर काढलं, म्हणजे सेल्फ मारताना गाडी सुरू होणार नाही. एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारायचा नाही, नाहीतर तो तापून जातो.

बॅटरी स्वस्थ असताना 12.6 व्होल्ट. म्हणजे पूर्ण भरलेली. मी किल्ली फिरवली तेव्हा बॅटरीच्या खांबांवर 11.6, पण सेल्फच्या जाड बोल्टापासून सेल्फच्या अंगापर्यंत जेमतेम 5.7. जवळजवळ सहा व्होल्ट वाटेतच गडप! ते कुठे जातात हे शोधायला एकच पद्धत: सेल्फ चालू ठेवायचा आणि मीटर वायरीच्या दोन टोकांना लावायचं. वायर चांगली असेल तर मीटर शून्याच्या आसपास राहतं, खराब असेल तर खाल्लेले व्होल्ट दाखवतं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फपर्यंत 0.3 निघाले, अर्ध्या व्होल्टापर्यंत चालतं. निगेटिव्ह खांबापासून सेल्फच्या अंगापर्यंत 5.6. तिथे 0.2 च्या वर जायला नको.

मग ती बाजू तुकड्या-तुकड्याने. खांब ते चासीचा बोल्ट, 0.1. चासी ते इंजिनचा ब्लॉक, 5.4. ब्लॉक ते सेल्फ, पुन्हा 0.1. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे चासीशी त्याचं नातं एका विणलेल्या पट्टीपुरतंच असतं. चाचांनी मीटर बाजूला ठेवून क्लचच्या केबलला हात लावायला सांगितलं. केबल चांगलीच तापली होती आणि वरचं प्लास्टिक एका जागी मऊ पडलेलं. पट्टीने वाट अडवली की करंट मिळेल त्या लोखंडातून परत जातो. क्लचची केबल सेल्फचा भार वाहत होती, हे बघून मी हादरलोच. अशी केबल आतून जळते आणि एक दिवस तुटते.

एवढं असूनही त्याच पट्टीला मीटरचा बझर (वाट जोडलेली असली की वाजणारा) लावून पाहिला तर मीटर ठणठणीत वाजलं. सेल्फ सव्वाशे-दीडशे अँपिअर ओढतो. दीडशे अँपिअरला 0.04 ओहम अडथळा म्हणजे सहा व्होल्ट गेले, आणि 0.04 ओहम साध्या मीटरला दिसतच नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त असतो. एक तार शिल्लक असली तरी बझर वाजतो. गॅरेजात "वायरिंग चेक केली, ओके आहे" म्हणतात ते बहुतेक वेळा एवढंच असतं.

पट्टी काढली. थिंबलच्या, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीच्या, आत हिरवी भुकटी. त्याहून वाईट म्हणजे चासीला कधीतरी जाड रंग मारलेला, आणि पट्टीचा बोल्ट त्या रंगावरच आवळलेला. गरम झाल्यावर असला सांधा आणखी बिघडतो, तांब्याचा अडथळाही दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. खुलताबादचं कोडं तिथेच सुटलं. रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं, दातेरी वॉशर घातलं, वरून पेट्रोलियम जेली. 25 चौरस मिलिमीटरची नवी केबल वाळूजला पॅनेलचं काम करणाऱ्याकडून टोकं हायड्रॉलिक क्रिंपिंगने दाबून आणली. बजाज 1985 मध्ये वाळूजला आल्यापासून असली कामं इकडे अर्ध्या तासात होतात. एक जास्तीची केबल बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट ब्लॉकला दिली, आणि क्लचची केबल नवी टाकली.

त्यानंतरही अधूनमधून टक्-सुद्धा यायचं नाही. सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचच्या, 50 नंबरच्या बारीक पिनवर किल्ली फिरवल्यावर आठच व्होल्ट येत होते. बाकीचे जुन्या स्विचच्या घासलेल्या पट्ट्या आणि लांबलचक वायर खात होती. नवा स्विच शोधत बसण्यापेक्षा रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच, बसवला: त्याच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीवरून फ्यूजसकट जाड वायर, 87 वरून सोलेनॉइड, 86 ला किल्लीची जुनी वायर, 85 ला अर्थिंग. आता किल्लीला फक्त रिले उचलायचा असतो.

भर उन्हात, गरम इंजिनवर, पुन्हा मोजलं: बॅटरीवर 10.7, सेल्फवर 10.2, निगेटिव्हच्या बाजूला 0.15. बॅटरीचा आकडा आधीपेक्षा खाली आलाय, कारण आता सेल्फ खरोखर करंट ओढतोय. चाचांनी सेल्फ उघडलाच नाही. मजुरीत मात्र रिलेचे पैसे वेगळे लावले.