न गळणारा सॅक्स

मंगळवार, रात्री

सेलूची एक मुलगी सॅक्सोफोन शिकायचं म्हणते आणि कोणता घ्यावा हे विचारायला वडिलांना घेऊन परभणीला माझ्याकडं, सॅक्स शिकवणाऱ्याकडं, येते, याचा आनंद अजून मनात आहे. बी.ए.ला संगीत घेतलंय, गळा गोड आहे, हार्मोनिअमवर हात बसलेला आहे. वडील शिक्षक. चहा झाला आणि सरांनी मोबाइलवरचे फोटो दाखवायला सुरुवात केली. सोनेरी, काळा, निळा, चांदीच्या रंगाचा, एकाहून एक चकचकीत.

"मास्तर, यातला कोणता घ्यावा ते तुमीच सांगा. पैसे जमवून ठेवलेत. पुन्हा पुन्हा घेणं आमच्यानं व्हायचं नाही."

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. आपल्याकडं वाद्य एकदाच घेतात. आधी एक घ्या, हात बसला की दुसरं घ्या, असं पुस्तकी सांगणं इथं चालत नाही. म्हणून उत्तर देण्याआधी मी चार दिवस मागून घेतले.

पहिला प्रश्न अल्टो की टेनर, म्हणजे लहान सॅक्स की मोठा. सरांना वाटत होतं, मोठा तो चांगला. मी हार्मोनिअम पुढं ओढली आणि सूर दाखवले. अल्टोवर 'सी'ची बोटं धरली की प्रत्यक्षात ऐकू येते काळी दोन, म्हणजे हार्मोनिअमची दुसरी काळी पट्टी. टेनरवर तीच बोटं धरली की काळी पाच. वाजवणाऱ्याचं सगळं गणित या दोन पट्ट्यांवरून चालतं. गाणारा काळी एकला गात असेल तर अल्टोवाल्याला बी फ्लॅटमधून वाजवावं लागतं, टेनरवाल्याला ई फ्लॅटमधून. हे लग्नाच्या मांडवात, समोर गायक उभा असताना, डोक्यात क्षणात यावं लागतं. मुलगी हार्मोनिअमवाली असल्यानं तिला लगेच समजलं. ती स्वतः काळी पाचला गाते. म्हणजे तिचा षड्ज टेनरवर 'सी'ला येतो आणि अल्टोवर 'जी'ला. अल्टोवर 'जी' म्हणजे डाव्या हाताची तीन बोटं, शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सापडणारा सूर.

शिवाय टेनर साडेतीन किलोच्या आसपास, अल्टो अडीचच्या. गळ्यातल्या पट्ट्यावर तासभर पेलायचं तर हा एक किलो मानेला कळतो. अल्टोच घ्यायचा, एवढं आजच ठरलं.

सरांनी कुठंतरी सेल्मर कंपनीच्या मार्क सिक्स या सॅक्सचं नाव ऐकलेलं होतं. पॅरिसचं ते मॉडेल 1954 साली आलं, सत्तरच्या दशकात बंद झालं, आणि अजूनही जगभरचे वाजवणारे ते शोधत फिरतात. मीही फोटो बघितला की थांबतो. पण त्याची किंमत लाखांत आहे आणि शिकणाऱ्या मुलीला त्याची काही गरज नाही.

बुधवार

आज तात्यांची आठवण सारखी येतेय. माझे चुलते. जिंतूर, मानवत, पाथरी या पट्ट्यात बँडमध्ये आयुष्य काढलं. त्यांचा अल्टो मेरठचा. तिथल्या जली कोठी भागात बँडची वाद्यं बनतात आणि देशभरच्या लग्नातल्या बँडपैकी कितीतरी तिथल्याच पितळेवर उभे आहेत. ॲडॉल्फ सॅक्स या बेल्जियमच्या कारागिरानं पॅरिसमध्ये 1846 साली या वाद्याचं पेटंट घेतलं, फ्रेंच लष्करी बँडनं ते उचललं, आणि पलटणींच्या, संस्थानांच्या बँडमधून होत होत ते आमच्या गावच्या परण्यापर्यंत आलं. नवरदेव मारुतीच्या पाराकडं निघाला की पुढं तात्या.

लहानपणी मी त्यांच्या मानेकडं बघायचो. शिरा तटतटून फुगायच्या, चेहरा लाल व्हायचा. लोक म्हणायचे, काय दम आहे माणसाचा! दम होताच. पण त्या अल्टोची निम्मी पॅडं नीट बसत नव्हती. सॅक्सच्या अंगावर वीसच्या वर भोकं असतात आणि प्रत्येकावर चावी, चावीखाली पॅड. पॅड म्हणजे नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, चकती, वरून पातळ कातडं. ते भोकाच्या काठावर सगळीकडून टेकलं पाहिजे. एका बाजूला केसाएवढी फट राहिली तरी हवा निघते आणि त्या भोकाखालचे सगळे सूर अडतात. मग माणूस जोर लावतो. जोरानं सूर निघतो, पण फाटका, मोठा, एकाच उंचीचा. तात्या खालचा बी फ्लॅट, म्हणजे सॅक्सचा तळाचा सूर, कधी हळू वाजवूच शकले नाहीत. त्यांना वाटायचं, ते त्या वाद्याच्या नशिबातच नाही.

खूप वर्षांनी मुंबईला धोबीतलावाकडच्या एका कारागिरानं त्या अल्टोची सगळी पॅडं बदलून दिली. पितळ तेच होतं, मेरठचंच. घरी आणून तात्यांनी तोंडाला लावला आणि नेहमीच्या जोरानं फुंकला, तर सूर केवढ्यानं तरी बाहेर आला, चुलती आतून धावत आली. मग त्यांनी फुंकर कमी केली. आणखी कमी केली. खालचा बी फ्लॅट श्वासाइतक्या हळू आवाजात टिकला. तेव्हा त्यांचं वय साठीच्या पुढं होतं. "पोरा, मी आजवर सॅक्स वाजवतच नव्हतो रे, गळती बुजवत होतो," असं म्हणून ते ओट्यावर बसून राहिले.

मला या गोष्टीचा अजून राग येतो. कुणा एकावर नाही. मराठवाड्यातल्या किती वाजवणाऱ्यांनी आपला दम कमी आहे, आपला ओठ कच्चा आहे असं समजून वाद्य सोडलं असेल! गळणाऱ्या वाद्यावर शिकणारं पोर स्वतःलाच दोष देतं, कारण त्याला तुलना करायला दुसरं वाद्य हातात मिळालेलंच नसतं. माझ्याकडं येणाऱ्या एका मुलानं गेल्या वर्षी घरबसल्या नवा कोरा अल्टो मागवला. दिसायला देखणा. चाव्यांचा धातू इतका मऊ की बोटाच्या दाबानं वाकायच्या, आणि नवा असून गळायचा. विकणाऱ्यानं हात वर केले. दुरुस्तीवाल्यानं बघून सांगितलं, आज सरळ करीन, महिन्यात परत वाकेल. ते पोर आता येत नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की आपल्या भागातल्या माणसानं वाद्य घेताना कंपनीच्या आधी दुरुस्तीचा विचार करावा. हा कोण उघडणार, कोण जुळवणार, सुटे भाग मिळणार का? ज्याच्या चाव्या पुन्हा पुन्हा जुळवता येतात, तो जुना, रंग उडालेला सॅक्सही वीस वर्षं पोट भरतो.

गुरुवार

उकाडा असह्य आहे. पाऊस अजून लांब. सकाळी रियाजाला बसलो तर माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या भागावर, बसणाऱ्या रीडचं टोक लाटेसारखं वाकलेलं. बोरूची ती पातळ पट्टी, दक्षिण फ्रान्सच्या समुद्रकाठच्या हवेत वाढलेली, तिला परभणीचा मे-जून काय मानवणार? पाण्यात भिजवून काचेवर दाबून ठेवली, तेव्हा सरळ झाली. उन्हाळ्यात मांडवात कृत्रिम रीड बरी पडते, सुकत नाही. आवाजात मात्र मला बोरूच आवडतो.

उन्हात सूरही चढतो. कीबोर्ड जागेवर आणि सॅक्स वर, म्हणून माउथपीस थोडा बाहेर ओढून वाजवावं लागतं. डिसेंबरात पारा पाच-सहा अंशांवर आला की उलटं, वाद्य गरम होईपर्यंत सूर खाली. त्यासाठी सॅक्सच्या मानेवरचं, म्हणजे वरच्या वाकड्या नळीवरचं, बुच चांगलं लागतं, माउथपीस त्यावर सहज सरकला पाहिजे आणि घट्टही बसला पाहिजे. पावसाळ्यात जी शार्पचं पॅड चिकटतं, चावी दाबली तरी उघडत नाही. वाजवून झाल्यावर खाली कोरा कागद ठेवून दाबला की ओल निघते. हे सगळं तिला वहीत लिहून द्यायचं आहे.

शनिवार, उशिरा

नांदेडला जाऊन आलो. ऑर्केस्ट्रातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ वादकांचा यामाहा कंपनीचा अल्टो विकायला निघालाय, असं कळलं होतं. बाप-लेक सेलूहून परस्पर आले.

बाहेरून बघितलं तर सरांचा चेहरा पडला. जिथं अंगठा टेकतो तिथला मुलामा पार गेलेला, घंटेवर, म्हणजे पुढच्या पसरट तोंडावर, डाग. मी म्हणालो, थांबा. पहिल्यांदा मान काढली आणि तिची खालची बाजू उजेडात धरली. कुणी जोरानं दाबून मान वाकवली असेल तर तिथं बारीक सुरकुत्या दिसतात. नव्हत्या. चाव्या दोन बोटांत धरून हलवून पाहिल्या, फार खेळ नाही. मग खोलीची दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि बारीक दिव्यांची माळ सॅक्सच्या पोटात सोडली. पॅड बंद असताना त्याच्या काठानं उजेड दिसला की तिथं गळती. जी शार्पखाली एक रेघ, खालच्या ई फ्लॅटखाली एक. तोंडातली ओल तिथंच साचते, ही दोन लवकर जातातच. तळहातानं दाबायच्या वरच्या चाव्यांपैकी एक शंकास्पद. बाकी सगळीकडं अंधार. तो अंधार बघून मला फार बरं वाटलं.

मग माझा माउथपीस लावून वाजवला. वाद्य पारखताना माउथपीस आपला हवा, नाहीतर दोन अनोळखी गोष्टींतली चांगली कोणती आणि वाईट कोणती हे कळत नाही. खालचा बी फ्लॅट हळू फुंकला, आला. मधला डी जरा चढा आणि मोकळा सी शार्प जरा उतरलेला, पण ती अल्टोची जातच आहे, ओठानं सांभाळायची.

ज्येष्ठ वादक तोवर गप्प होते. वाजवणं थांबल्यावर त्यांनी मनोहारी सिंगांचा विषय काढला. हिंदी चित्रपटातला सॅक्स ज्यांच्या श्वासावर उभा राहिला ते मनोहारीदा. त्यांचे तुकडे ऐकून ऐकून या गृहस्थांनी बोटं बसवली होती. मी मुलीला कद्री गोपालनाथांचं सांगितलं. नागस्वरम हे सनईसारखं वाद्य वाजवणाऱ्याच्या घरात जन्म, म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये हे वाद्य ऐकलं आणि कर्नाटक संगीत त्यावर बसवलं. 1994 साली लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाजवलं. ती राग शिकतेय, तिला हे ठाऊक असणं गरजेचं आहे. मींड कशी घ्यायची, ओठ किती सैल करायचा, बोट किती सावकाश उचलायचं, हा पुढचा अभ्यास. पण वाट आधीच कुणीतरी घालून ठेवली आहे.

शेवटी तिच्या हातात दिला. डाव्या हाताची तीन बोटं ठेव आणि फुंक, एवढंच सांगितलं. दोनदा नुसती हवा गेली. तिसऱ्यांदा सूर आला आणि ती एकदम थांबली, माझ्याकडं बघून म्हणाली, "सर, हा तर माझा सा आहे." मग पुन्हा फुंकला, तोंडातून काढला, त्याच सुरात गळ्यानं 'आ'कार लावला, पुन्हा फुंकला. सरांनी डाग विचारायचे सोडून दिले.

किंमत ठरली. नव्या यामाहाच्या निम्म्याच्या आत बसली, म्हणून वाचलेल्या पैशांत मी तीन गोष्टी लिहून दिल्या: एक चांगला एबोनाइटचा माउथपीस, दोन नंबरच्या रीडची डबी आणि ती तीन पॅडं. रंग देऊन घेऊ का, असं सरांनी विचारलं. मी स्पष्ट नको म्हणालो. नवा मुलामा चढवताना जुना घासून काढतात, त्यात भोकांचे काठ झिजतात, आणि मग पॅडं बसत नाहीत.

ज्येष्ठ वादकांनी पेटी बंद करण्याआधी आतला स्वच्छ करायचा कपडा धुऊन आणून ठेवला आणि मुलीला सांगितलं, "बाई, वाजवून झालं की हा आतून ओढल्याशिवाय झोपायचं नाही."

सोमवारच्या देवगिरी एक्स्प्रेसनं मी स्वतः अल्टो घेऊन मुंबईला जाणार आहे. कारागिराशी फोनवर बोललो, दोन दिवस लागतील म्हणाला. परत आल्यावर पहिला धडा सेलूलाच घेईन, त्यांच्या गच्चीवर, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर.